मागावर हाय

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासऱ्यांनी मला सांगितलं, की एक कोळी माझ्या मागावर आहे.

मी खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीकडे निघाले होते. नवी नवरी, म्हणून पावलं जपून टाकत होते. ते अंगणात कडुनिंबाच्या काडीनं दात घासत बसले होते. काडी तोंडातून काढून म्हणाले, "जपून जाजो बेटा, तिथं कोळी मागावर हाय." मी वर पाहिलं. न्हाणीच्या कोपऱ्यात खरंच एक लांब तंगड्यांचा कोळी होता आणि तो माझ्याकडेच रोखून बघत होता. माझं माहेर नागपूरजवळच्या वाडीचं, अमरावती रोडवर, ट्रकांच्या गराड्यात. आमच्याकडे मागावर असतात ते पोलीस, चोराच्या. मी जी किंचाळले, ती टॉवेलासकट थेट रस्त्यावर.

मागच्या गल्लीतल्या शोभाताई तेव्हा दूध घेऊन चालल्या होत्या. त्यांनी मला धरलं, काय झालं विचारलं, आणि मी सांगितल्यावर भर रस्त्यात मटकन खाली बसून हसल्या.

"अवं बाई, मागावर म्हंजे तुह्या मागं नाही! माग, हातमाग! थो कोळी जाळं विणून राहिला, एवढंच म्हणून राहिले तुहे सासरे."

तेव्हापासून शोभाताई कुठेही भेटल्या की आधी वाकून माझ्या पाठीमागे बघतात. "काहून वं रीना, आज कोनी मागावर तं नाही?" सहा वर्षं झाली. विनोद अजून शिळा झालेला नाही, निदान त्यांच्यापुरता तरी.

तर हे माझे सासरे, नत्थूजी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. वय बाहत्तर, अंगानं काटकुळे, आवाज कधी चढत नाही, आणि स्वतःचं म्हणणं कधी सोडत नाहीत. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर आमचं तीन खोल्यांचं घर आहे. समोरच्या खोलीत त्यांचा माग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि लुगडी विणायची. त्यांच्या वडिलांनी तिथंच विणली, त्यांनीही तिथंच विणली. माझ्या सासूबाई मैनाबाई शेजारी बसून कांड्यांवर सूत भरून द्यायच्या. त्या मी यायच्या आधीच गेल्या. हळूहळू लुगडी नेसणाऱ्या बायाही गेल्या. मग मागही गेला आणि मामाजींनी वाडीच्या एका गोदामावर बारा वर्षं चौकीदारी केली. माझं स्थळ त्यांना तिथंच सापडलं. माझे वडील त्या गोदामात ट्रक लावायचे.

माग गेला, पण मामाजींची जीभ मागावरच बसून राहिली. घरातला कुठलाही जीवजंतू काही कामात असला, की तो "मागावर हाय". ट्यूबलाइटच्या पट्टीवर कुंभारमाशी मातीचं घर बांधतेय? मागावर हाय. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून ओट्यावरून चालल्यात? मागावर हायेत, पोळ्या जराशानं लाट. एका वर्षी पालीनं कॅलेंडरमागच्या भेगेत दोन अंडी घातली. कॅलेंडरला हात लावायची बंदी झाली. त्या वर्षी आमच्या घरात मार्चपर्यंत जानेवारीच चालू होता.

आणि मागावर असलेल्याला हात लावायचा नाही, हा कायदा. विणकराच्या घरात मागावर चढलेलं लुगडं कोणी अर्ध्यात कापत नाही, शेवटचा पदर होईपर्यंत थांबतात. तेच कोळ्याला, तेच मुंगीला. "पुरं झालं की झाडजो ना जाळं. कोन नाही म्हणते?" असं ते मला मोठ्या उदारपणे सांगतात. आता कोळ्याचं जाळं पुरं झालं हे ठरवायचं मामाजींनी. त्यांच्या मते ते अजून एकदाही पुरं झालेलं नाही.

मी काही फार मायाळू बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पालीची मला किळस येते, झुरळ दिसलं की चप्पल आधी हातात येते आणि विचार नंतर. त्यामुळे पहिल्या वर्षी आमचं एका धाग्यावरून युद्ध झालं. अंघोळीच्या पाण्याच्या ड्रमात मामाजी काठावरून एक सुताचा धागा सोडून ठेवतात. पाण्यात मुंगी पडली, माशी पडली, तर तिला धरून वर येता यावं म्हणून. मला त्या धाग्याचा भारी राग यायचा. मी रोज काढून फेकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा धागा हजर. सहा महिने हे चाललं आणि दोघांनीही त्यावर एक अक्षर काढलं नाही. मग एक दिवस मी तांब्या बुडवणार, तर एक भिजलेली मधमाशी त्या धाग्यावरून वर चढत होती. इतकी दमली होती, की अर्ध्यावर थांबली. मी पण थांबले. ती काठावर आली, पंख झटकले, उडाली. त्या दिवसापासून मी धागा काढला नाही. हे मी मामाजींना आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझी पत काय राहील?

या सगळ्यामागची गोष्ट मला पियूषनं, माझ्या नवऱ्यानं सांगितली. माग न्यायला टेम्पो दारात आला, तेव्हा मागावर एक लुगडं अर्धं झालेलं होतं. हिरवं, लाल काठाचं. मामाजी म्हणाले, चार दिवस थांबा. टेम्पोवाला थांबेना. शेवटी त्यांनी स्वतःच कात्री घेतली आणि कापलं. पियूष तेव्हा आठवीत होता. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, एवढं त्याला आठवतं. ते अर्धं लुगडं लोखंडी पेटीत गेलं आणि पेटीला कुलूप लागलं.

आता माझ्याकडे येते. लग्नाआधीपासून मी कळमेश्वरला एका कंपनीत पॅकिंगला होते. पहाटे साडेपाचला बस, आठ तास उभं राहून खोक्यांना टेप लावायची, संध्याकाळी पाय सुजलेले. पाच वर्षं लग्नानंतरही तेच केलं. मधे शनिवार-रविवारी पार्लरचा कोर्स केला, आणि या फेब्रुवारीत नोकरी सोडून समोरच्या खोलीत पार्लर काढलं. खोली मामाजींनीच दिली. "रिकामीच तं हाय," म्हणाले. माझी फिरती खुर्ची जिथं आहे, बरोबर तिथंच फरशीखाली त्यांचा खड्डा होता.

पियूष वाईट माणूस नाही, फक्त भित्रा आहे. तो म्हणाला, "एक लग्नसराई पाह्य. नाही जमलं तं कळमेश्वर हायच." त्यानं सहज म्हटलं, पण मला रोज पहाटे जाग आली की त्या बसचा हॉर्न ऐकू यायचा. मला परत तिथं जायचं नव्हतं.

मार्चमध्ये शोभाताई आल्या. आधी खुर्चीच्या मागे वाकून पाहिलं, मग बसल्या, मेंदीनं लाल झालेले केस कापून घेतले आणि म्हणाल्या, "माह्या काजलचं लग्न हाय नऊ मेले. नवरीचा मेकअप तूच कर." मला आनंदानं काही सुचेना. शोभाताईंचं तोंड म्हणजे वस्तीचा भोंगा. काजल छान दिसली, तर पुढच्या वर्षभराच्या नवऱ्या माझ्या. आणि नाही दिसली, तर तेही त्याच भोंग्यावर.

त्याच सुमारास माझ्या सामानाला पाय फुटायला लागले. आधी कापूस गायब. मग भुवया कोरायच्या दोऱ्याचं रीळ. मग वॅक्सच्या दोन पट्ट्या. मला पियूषचा संशय आला, मग गिऱ्हाइकांचा, मग स्वतःच्या डोक्याचा. मामाजींना विचारलं तर ते जामाच्या झाडाकडे बघत म्हणाले, "असन कोनाच्या तरी कामात." जाम म्हणजे पेरू, पण नागपुरात त्याला पेरू म्हटलं की माणूस बाहेरगावचा ठरतो.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी पियूषनं खिडकीतला कूलर साफ करायला घेतला. गवत बदलायचं, मोटरला तेल द्यायचं, पाणी भरायचं. त्यानं बाजूची जाळी काढली आणि थांबला.

"रीना, इकडं ये वं. तुहा कापूस सापडला."

कापूसच नाही, सगळंच सापडलं. पंखा आणि मोटरच्या मधे एक गोल, मऊ घरटं होतं. जुनं गवत, माझा कापूस, माझा दोरा सगळीकडून गुंडाळलेला, वॅक्सची एक पट्टी, आणि बाहेरच्या कडेला शोभाताईंच्या लाल केसांचा झुपका. मधे तीन गुलाबी पिल्लं, बोटाएवढी, डोळे मिटलेली. जामाच्या झाडावर त्यांची आई, खार, शेपटी आपटून आपटून आम्हाला शिव्या देत होती.

मामाजी वाकले. चष्मा वर करून नीट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक आलं, ते माझ्या पार्लरच्या उद्घाटनालाही आलं नव्हतं. "पाह्य कसं विनलं. एक धागा सैल नाही." मग पियूषच्या हातातून जाळी घेतली आणि परत बसवली. "मागावर हाय. राहू द्या."

"बाबा, खोक्यात घालून झाडावर ठेवू ना," पियूष म्हणाला.

"अन् तिनं नाही ओळखलं मंग?"

"मामाजी," मी म्हणाले, "नऊ तारखेले नवरी येऊन राहिली. दुपारी दोनले. पंचेचाळीस डिग्रीत कूलर नाही, तं मेकअप हनुवटीवर येऊन बसन."

"डोळे तं उघडू दे बेटा त्यायचे."

"कधी उघडतीन?"

"पंधरा-वीस दिवस. मंग हिंडाफिराले अजून पंधरा."

दुसरा कूलर घ्यायचा तर पियूष म्हणाला, पार्लर चाललं तर पाहू. उसना मागायला मी चार घरं हिंडले. मे महिन्यात नागपुरात एखादा माणूस किडनी उसनी देईल, कूलर देणार नाही. चौथ्या घरून परत आले, तेव्हा मामाजी अंगणात बसून खारीसाठी शेंगदाणे सोलत होते. माझं डोकं फिरलं.

"हाव, खारीचं पुरं होऊ द्या! कोळ्याचं होऊ द्या, मुंग्याइचं होऊ द्या! माहंच तेवढं अर्ध्यात कापा!"

बोलले आणि जीभ चावली. पेटीतल्या लुगड्याची गोष्ट मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. आता कळलं. त्यांनी शेंगदाणे खाली ठेवले, उठले आणि आत गेले. पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फक्त चहापुरतं बोललो. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी जोरात घासते. त्या दिवसांत भांडी चकचकीत होती.

नऊ मे उजाडला. बारा वाजताच रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी खोलीत टेबलफॅन लावला, तर तो भट्टीतली हवा तोंडावर फेकायला लागला. दीड वाजता मी डोकं धरून खुर्चीत बसले होते. तेवढ्यात दारात अंधार झाला.

मामाजी स्टुलावर उभे होते. दाराच्या चौकटीला दोन खिळे मारून त्यांनी दोरी बांधली होती आणि तिच्यावर ते अर्धं लुगडं पसरत होते. हिरवंगार, लाल काठाचं, चिंब ओलं. खालच्या कडेला, जिथं कात्री लागली होती, तिथं न विणलेले धागे तसेच मोकळे लोंबत होते, आणि प्रत्येक धाग्यातून पाणी गळत होतं. बाहेरची लू त्या लुगड्यावर येऊन आदळली आणि आत शिरताना गार झाली. एकदम. माझ्या घामेजलेल्या मानेवर काटा आला.

"फॅनची पाठ दाराकडं कर," ते बाहेरून म्हणाले. "हवा आत ओढन."

मी काही बोलणार, तेवढ्यात शोभाताई आणि काजल आल्या. लुगड्याखालून वाकून आत शिरल्या आणि शोभाताईंचा भोंगा सुरू झाला. "हे काय वं? कूलर काहून बंद हाय? अन् हे ओलं लुगडं पोरीच्या शालूवर लागलं अन् रंग उतरला तं?"

बाहेर लुगड्यावर मगानं पाणी टाकण्याचा आवाज थांबला. मामाजींना मी सहा वर्षांत रागावलेलं पाहिलं नव्हतं. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, आणि तो चढलेला होता. "माहा रंग हाय थो, शोभा! उतरत नाही!"

शोभाताई जरा नरमाईनं म्हणाल्या, "तसं नाही नत्थूभाऊ. पन कूलर काहून नाही लावला?"

"मागावर हाय."

"कोन?"

"जाऊन पाह्य."

शोभाताई बाहेर गेल्या. खिडकीपाशी त्यांच्या पाटल्या वाजल्या, मग कूलरची जाळी वाजली. मी काजलच्या चेहऱ्यावर हात फिरवत होते. आता त्या येऊन पोरीला उठवणार आणि घेऊन जाणार, असंच मला वाटत होतं. परत आल्या त्या वेगळ्याच आवाजात.

"काजल, माह्या केसावर तीन लेकरं निजून राहिले वं! एकाचे डोळे आत्ताच उघडले, माह्याकडंच पाह्यते!" मग त्यांनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चाल, तू कर तुहं. घाई नोको करू."

शोभाताई विणकराच्याच घरातल्या. मागावर आहे म्हटलं की थांबायचं असतं, हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

अडीच तास मी काम केलं आणि अडीच तास मामाजी बाहेर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, लुगड्यावर मगानं पाणी टाकत राहिले. दर पाच मिनिटांनी छप्प, छप्प. मेकअप जागचा हलला नाही. काजल उठून आरशासमोर उभी राहिली तेव्हा मलाही तिच्यावरून नजर काढवेना. जाताना ती लुगड्याखाली वाकली आणि मामाजींच्या पाया पडली. शोभाताईंच्या अंगावर दोन थेंब पडले होते. त्यांनी उजेडात नेऊन पदर नीट तपासला. "नाही उतरला बाप्पा," म्हणाल्या.

संध्याकाळी पियूष वाडीहून, कामावरून आला. मी आणि मामाजी अंगणात लुगडं पिळत होतो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

"किती गिऱ्हाईक झाले आज?"

"एक," मी म्हणाले.

"दिवसभरात एकच?" त्यानं फोन काढला. "कळमेश्वरचा सुपरवायझर भेटला होता. एक तारखेपासून पोरी घेऊन राहिले म्हने. करू का फोन?"

मी मान खाली घातली. मामाजींनी पीळ द्यायचं थांबवलं, पण टोक सोडलं नाही.

"पियूष."

"हा बाबा."

"तिले हात नोको लावू. थे मागावर हाय."

पियूषनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या लुगड्याकडे, त्याच्या कापलेल्या कडेकडे. तो याच घरात वाढलाय. या वाक्यापुढे बोलायचं नसतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यानं फोन खिशात ठेवला आणि चहा ठेवायला आत गेला.

सहा वर्षांपूर्वी हेच शब्द ऐकून मी रस्त्यावर पळाले होते. आता जागची हलले नाही. मला रडू आलं, चांगलं हुंदका देऊन आलं. मामाजींनी ते पाहिलं आणि लुगड्याकडे पाहत राहिले.

"पीळ नीट दे बेटा," ते म्हणाले. "उद्या सकाळीच लागन."